पदवी घ्या, पण कानातले गहाण ठेवून नव्हे!

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना आटोपल्यावर एक टेबल मांडले जाते. टेबल कसले, दोन स्टुले आणि त्यावर एक फळी. फळीवर अर्जांचे गठ्ठे, गोंद, स्टेपलर आणि फोटो कापायची कात्री. आठवडाभर कचेरीत फायली सरकवायच्या आणि रविवारीही कागदच सरकवायचे, असे आमच्या घरचे आम्हाला म्हणतात. ते खोटे नाही. पण या फळीसमोर बसणाऱ्या आयाबायांचे चेहरे पाहिले की उठवत नाही.

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. एक बाई मुलीला घेऊन आल्या. चार घरची धुणीभांडी करतात, नवरा स्टेशनवर सफाईच्या कंत्राटात. मुलीला बारावी कॉमर्सला ६१ टक्के. या घराण्यात बारावीच्या पुढे पाऊल टाकणारी ही पहिली. बाईंनी पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तिका काढली आणि म्हणाल्या, "भाऊ, बाकी सगळं ठरलंय. फक्त कर्जाच्या फॉर्मवर यांच्या बापाची सही कुठं घ्यायची तेवढं दाखवा."

पुस्तिकेवर टाय लावलेली गोरीगोमटी पोरे हसत होती. 'नोकरीची हमी देणारी बॅचलर डिग्री'. त्याखाली 'अमेरिकन कम्युनिटी कॉलेज पॅटर्न'. तीन वर्षांची फी तीन लाख साठ हजार. पैकी पंचवीस हजार भरून झाले होते. कुठून आणले, हे विचारायची वेळ आली नाही. बाईंच्या कानांत काड्या होत्या.

"आणि मार्कशीट?"

"ती त्यांनीच ठेवून घेतली. दाखलापण."

आम्ही पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. ही कारकुनाची खोड. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव होते, आणि ते विद्यापीठ परराज्यातले होते. वर्ग मात्र इथे, एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत. मुंबई विद्यापीठाशी संलग्नता नाही. दूरशिक्षणाची मान्यता म्हणावी तर तिचाही उल्लेख नाही.

हा प्रकार नवा नाही. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन कागदावरच शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे उभी राहिली होती. प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द ठरवली. राज्याच्या कायद्याने झालेल्या खाजगी विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या मंजुरीवाचून राज्याबाहेर केंद्र चालवता येत नाही. आपली पदवी दुसऱ्याच्या दुकानातून विकायला देता येत नाही. पण हे आमच्या धुणीभांडी करणाऱ्या ताईंना कोण सांगणार? त्यांना सांगायला आला तो एजंट. तो वस्तीत घरोघर फिरला होता आणि त्याने स्वतःही 'जयभीम' घातला होता.

मंगळवारी मुलीच्या बापाने खाडा केला आणि आम्ही अर्धी रजा टाकली. काउंटरवरच्या इसमाने आधी चहा विचारला, मग "ओरिजिनल हेड ऑफिसला आहेत" असे सांगितले. आम्ही यूजीसीचे २०१८ चे परिपत्रक छापून नेले होते. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही महाविद्यालयाने अडकवून ठेवू नयेत, पाहून झाल्यावर जागच्या जागी परत करावीत, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, त्यानंतर ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांत ८० टक्के, महिनाभरात ५० टक्के आणि मग काही नाही, असा हिशेबही त्यात आहे. हे नियम मान्यताप्राप्त संस्थांसाठी. समोरची संस्था त्यात बसत होती की नाही, हाच प्रश्न होता. तरी "तुम्ही मान्यताप्राप्त आहात ना? मग हा नियम तुम्हाला लागू" असे म्हटल्यावर त्या इसमाची जीभ जड झाली. मान्यताप्राप्त नाही असे कबूल कसे करणार? तीन खेपा झाल्या. मार्कशीट आणि दाखला मिळाला, पंधरा हजार मिळाले. दहा हजार 'प्रोसेसिंग' म्हणून कापले.

'अमेरिकन पॅटर्न' म्हणजे काय?

घरी आल्यावर त्या 'अमेरिकन कम्युनिटी कॉलेज पॅटर्न'ची गंमत आम्हाला स्वस्थ बसू देईना. वाचून पाहिले, तर खरे अमेरिकन कम्युनिटी कॉलेज त्या माडीवरच्या दुकानाच्या अगदी उलट निघाले.

अमेरिकेत या प्रकारचे पहिले सरकारी महाविद्यालय १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव देशभर रूढ केले. गावातल्या माणसांसाठी गावातच, सरकारी पैशावर चालणारे, कमी फीचे कॉलेज. दिवसा काम करणारा संध्याकाळी येतो, लेकुरवाळी बाई सकाळी येते, चाळिशीतला कामगारही बाकावर बसतो. दोन वर्षे इथे शिकून पुढची दोन वर्षे मोठ्या विद्यापीठात काढायची आणि पदवी घ्यायची, ही जुनी रीत. पण पुढच्या दोन वर्षांसाठी गाव सोडावे लागते, फी वाढते आणि गरिबाचे पोर तिथेच थांबते. म्हणून तिथल्या काही राज्यांनी कम्युनिटी कॉलेजलाच पदवी देण्याचा अधिकार दिला. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गच्या कॉलेजला तो २००१ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने पंधरा कॉलेजांत प्रयोग केला आणि २०२१ मध्ये तो कायम केला.

पदव्या कशाकशात? फूटहिल कॉलेजात दातांच्या आरोग्याची निगा, बेकर्सफील्डमध्ये कारखान्यातले स्वयंचलन, शास्ता कॉलेजात रुग्णालयातल्या नोंदींचे व्यवस्थापन. म्हणजे जिथे माणसे हवीत तिथल्या पदव्या. सरकारी विद्यापीठ जी पदवी देते तीच पुन्हा द्यायची नाही, अशी अटही कायद्यातच आहे. मोठी विद्यापीठे त्यावरून कुरकुरली आणि काही ठिकाणी वादही झाले. तिथेही उतरंड आहेच म्हणा.

आता फी पाहा. प्रयोग सुरू झाला तेव्हाच्या दराने पहिल्या दोन वर्षांना एका श्रेयांकाला ४६ डॉलर आणि पुढच्या दोन वर्षांना त्यावर आणखी ८४ डॉलर. चार वर्षांची पदवी साडेदहा हजार डॉलरच्या आसपास. तिथल्या बड्या खाजगी विद्यापीठात एका वर्षाला याच्या कितीतरी पट लागतात. आणि आमच्या वस्तीत त्याच नावाखाली तीन लाख साठ हजार मागत होते! नाव स्वस्ताईचे, भाव सोनाराचा.

आमचे कम्युनिटी कॉलेज १९४६ चे

खरे पाहता या कल्पनेसाठी आपल्याला अमेरिकेकडे पाहायची गरज नव्हती. ट्रुमन यांचा आयोग ते नाव रूढ करत होता, त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत बाबासाहेबांनी ही गोष्ट करून दाखवली होती. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. इमारत नव्हती, लष्करी बराकींत वर्ग भरले. वर्ग सकाळचे. ज्याला दहा-साडेदहाला कचेरी गाठायची आहे त्याने आधी शिकून घ्यावे आणि मग कामावर जावे. मुंबईतले किती कारकून, टपाल खात्यातले, रेल्वेतले, गोदीतले, बी. ए. झाले ते या सकाळच्या वर्गांमुळे. दारे सगळ्या जातींना उघडी होती. १९४७ मध्ये रात्रशाळा, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद, १९५३ मध्ये वाणिज्य महाविद्यालय, १९५६ मध्ये विधी महाविद्यालय. क्रम पाहिला तरी लक्षात येते की डोळ्यांसमोर नोकरी करणारा, घर चालवणारा विद्यार्थी होता.

बाबासाहेबांना उसन्या पैशाच्या शिक्षणाची कळ माहीत होती. १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. त्या नोकरीत काय वाट्याला आले, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. लंडनचे राहिलेले शिक्षण पुरे करायला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, वर मित्राकडून उसने घेतले. तोच माणूस पुढे सकाळचे कॉलेज काढतो, यात आम्हाला नवल वाटत नाही.

आम्हीही याच सकाळच्या रांगेतले. कुर्ल्याहून पहाटेची लोकल, फोर्टातल्या आनंदभवनाच्या पायऱ्या, पहिल्या तासाला डुलक्या आणि शेवटचा तास संपला की डबा बगलेत मारून कामावर. बी. कॉम. झालो. त्या पदवीवर कारकुनी मिळाली आणि त्या कारकुनीवर दोन बहिणींची लग्ने झाली. आज संस्थेच्या कारभारावरून काय काय ऐकू येते, त्याविषयी लिहायचे हे ठिकाण नव्हे. पण पोराला सिद्धार्थमध्ये घालतो म्हटले की आपलेच लोक "तिथं काय ठेवलंय आता?" म्हणतात आणि दुकानाच्या माडीवर तीन लाख भरायला निघतात, तेव्हा पोटात तुटते.

बी. व्होक. म्हणजे काय आणि काय नव्हे

कम्युनिटी कॉलेज हे नाव घेऊन आपल्या देशातले पहिले महाविद्यालय १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने काढले. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात यूजीसीने महाविद्यालयांना यासाठी अनुदान देण्याची योजना आणली आणि २०१४ मध्ये 'बॅचलर ऑफ व्होकेशन', म्हणजे बी. व्होक. ही पदवी सुरू केली. एक वर्षाने पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी. अभ्यासातला ६० टक्के भाग कामाच्या कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा. हिशेब व करआकारणी, किरकोळ व्यापार, पर्यटन, संगणक, अन्नप्रक्रिया असे विषय. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, जुन्या नावाजलेल्या महाविद्यालयांतही हे वर्ग आहेत, आणि आपल्या मुलांना त्यांची खबर नसते.

त्या ताईंच्या मुलीला आम्ही हिशेब व करआकारणीच्या बी. व्होक.चे सुचवले. विहारात बोलणे चालू असताना आमचे एक जुने कार्यकर्ते शेजारी बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, पँथरच्या दिवसांत लाठ्या खाल्लेले. ते उसळले. "कौशल्य, कौशल्य! आमच्या बापजाद्यांकडं कौशल्य कमी होतं का? चामडं कमावलं, दोर वळले, वेशी राखल्या. आता पोरींना पुन्हा हातकामाची डिग्री देतायत, आणि इंग्रजी बोलणारे वकील-प्रोफेसर त्यांचेच राहणार."

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गरिबाच्या पोराला 'तुला झेपेल असे' म्हणून कडेच्या दाराने बाहेर काढायची सवय या देशाला जुनी आहे. एक वर्षाची पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय तर आपल्याच पोरांच्या वाट्याला आधी येणार. बाप आजारी पडला की पोर थांबले. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो, पहिल्या वर्षाचा कागद हातात आला तरी तो ट्रंकेत ठेवा आणि दुसऱ्या वर्षाची फी भरा. मात्र ज्या घरात खरोखरच पोरीला थांबावे लागते, तिथे रिकाम्या हातापेक्षा तो कागद बरा, हेही आम्ही पाहिले आहे. साधी एफ. वाय. नापास झालेली पोर काहीच घेऊन परत येत नाही.

दादांना आम्ही एक आठवण करून दिली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ मध्ये, बाबासाहेबांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, हेही मागितले. एकाच हातात दोन्ही. वरचे शिक्षणही आणि यंत्रावरचे कामही. सुतार-लोहाराच्या जातीवरून ठरणारे काम वेगळे आणि कारखान्यात शिकून, प्रमाणपत्र घेऊन, पगारावर केलेले काम वेगळे. दादा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग त्या चाळीस टक्क्यांवर लक्ष ठेवा. तिथंच कॉलेजवाले तास बुडवतात." दादांचे हे म्हणणे आम्हाला सोळा आणे पटले. भाषा, अर्थशास्त्र, संविधान यांचे तास होत नसतील तर ती पदवी अर्धीच.

ताईंचा प्रश्न साधा होता. "ही खरी डिग्री ना? सरकारी परीक्षेला चालते ना?" चालते. जिथे 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' एवढीच अट आहे त्या परीक्षांना बी. व्होक. पदवीधर बसू शकतो, हे यूजीसीने लेखी कळवले आहे. पण जिथे विशिष्ट विषयाची अट आहे तिथे आधी विचारून घ्यावे. शिक्षक व्हायचे असेल, एम. कॉम.ला जायचे असेल, तर ज्या विद्यापीठात पुढे जायचे त्यांच्याकडूनच लेखी उत्तर घ्यावे. रुग्णालयातल्या लॅबचे, एक्स-रेचे वगैरे शिक्षण असेल तर आणखी सावध राहावे. तिथे पदवीबरोबर कौन्सिलची नोंदणी लागते. महाराष्ट्रात पॅरावैद्यक परिषद आहे, आणि २०२१ मध्ये केंद्रानेही अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. नोंदणी होणार नसेल तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल.

बी. व्होक.मध्येही फीचे गणित सगळीकडे सारखे नसते. सुरुवातीला यूजीसीचे अनुदान होते, नंतर काही ठिकाणी हे वर्ग फीवरच चालू लागले. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजच्या कचेरीत तोंड उघडून विचारावे, हा वर्ग अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, साधे बी. कॉम. अनुदानित असते आणि त्याला चार अक्षरे जास्त लावलेले बी. कॉम. विनाअनुदानित असते. फीत पाच-दहा पटींचा फरक पडू शकतो. आपल्या माणसांना विचारायची लाज वाटते. लाज कसली? बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना चारदा विचारतो ना!

ज्यांना रोज कॉलेजात जाणेच शक्य नाही, लग्न झालेल्या मुली, शिफ्टमध्ये काम करणारे भाऊ, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. सरकारने कायद्याने स्थापन केलेले विद्यापीठ आहे ते.

शिष्यवृत्तीचा पैसा कोणाचा?

आता पैशाचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, आणि तिच्या मुळाशी बाबासाहेबांचे ते १९४२ चे निवेदन आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. त्यात फी येते आणि निर्वाहभत्ताही येतो. घरून ये-जा करणाऱ्या साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला तीन हजार. तेवढ्यात लोकलचे पासही पुरते निघत नाहीत, पण नाही कसे म्हणावे? उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर फ्रीशिपची वाट आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. तिथे कॉलेजचे आणि नेमक्या अभ्यासक्रमाचे नाव यादीत आहे की नाही, हे प्रवेशाआधीच पाहावे. नंतर यादीत नाव नाही म्हणून रडत आलेली मुले आमच्या फळीसमोर बसलेली आहेत.

यात एक घोळ अलीकडे फार होतो. केंद्राने ६०-४० चा वाटा ठरवला आणि २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागला. नियम असा की त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजात भरावी. आपल्या घरात काय होते? खात्यात एकदम एवढे पैसे आलेले दिसले की थकलेले भाडे आठवते, आईचे औषध आठवते, गावाकडचे लग्न आठवते. कोणाला दोष द्यायचा? तीन महिन्यांनी कॉलेज हॉलतिकीट अडवते आणि मग धावाधाव होते. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचे अख्खे सत्र असे गेले. ज्या दिवशी पैसा येईल त्याच दिवशी पोराला घेऊन कॉलेजच्या कॅशियरपुढे उभे राहावे आणि पावती घ्यावी. आणि अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो, हे विसरू नये.

कागदांपैकी सर्वांत छळतो तो जातीचा दाखला. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध', आजोबांच्या नोंदीत आणखी तिसरेच. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या कायद्याने मिळाल्या, त्याला एवढी वर्षे होऊन गेली तरी खिडकीवरचा बाबू विचारतोच, "बौद्ध ना? मग हे कसं?" व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेला पडताळणी प्रमाणपत्र लागते. २०२४ पासून बी. बी. ए., बी. सी. ए., बी. एम. एस. यांनाही राज्याची सीईटी आली, म्हणजे तिथेही तेच. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो गावच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात नाहीतर तहसीलच्या दप्तरात असतो. निकाल लागल्यावर गावाला पळण्यापेक्षा मूल अकरावीत असतानाच, दिवाळीत गावी गेल्यावर, आजोबांच्या नावाची नोंद काढून आणावी.

त्या ताईंची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. हिशेब व करआकारणीचा वर्ग, एका जुन्या संलग्न महाविद्यालयात. शिष्यवृत्ती मंजूर झाली, फीची पावती तिने आम्हाला मुद्दाम आणून दाखवली. प्रशिक्षणासाठी एका कर सल्लागाराकडे जाते. पहिला महिनाभर तिथे फक्त चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला लावले, म्हणून ती कॉलेजात जाऊन भांडून आली. आता तिच्याकडे विवरणपत्रांचे काम आहे. तिची आई म्हणाली, "भाऊ, पोरगी भांडकुदळ झाली." बोलताना बाई हसत होत्या. कानातले मात्र अजून सोनाराकडेच आहेत. परत मिळालेले पंधरा हजार व्याजात आणि वह्या-पुस्तकांत गेले. राहिलेल्या दहा हजारांसाठी आम्ही त्या संस्थेला दुसरे रजिस्टर पत्र पाठवले आहे. पहिल्याची पोच आली, उत्तर आले नाही.

यंदा फळीवर ती मुलगीही बसते, फॉर्म तिच्या अक्षरात भरले जातात. वंदनेनंतर, साधारण दहा ते एक. येताना दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत.